धुतलेलं लुगडं

सत्तरच्या दशकात मी मानोऱ्याकडच्या एका दवाखान्यात नर्स होते. फटकळ म्हणून माझा लौकिक होता आणि तो मी जपलाही होता. एका सकाळी एक सासू सुनेला घेऊन आली. सून विशी उलटलेली, नवरा कामासाठी परमुलखात. आदल्या संध्याकाळी कापूस वेचून परतताना गावातल्याच एका बड्या घरच्या माणसानं तिच्यावर जबरदस्ती केली होती. अशा वेळी सुनेचं तोंड दाबणाऱ्या सासवा मी पुष्कळ पाहिल्या होत्या. ही मात्र तिचा हात धरून आधी पोलिसांत गेली, मग आमच्याकडे आली.

डॉक्टरांनी तपासलं. मी कालचं लुगडं मागितलं. ते सरकारी प्रयोगशाळेत जायचं. तिथे डाग शोधत, जमलं तर रक्तगट काढत. तेवढंच तेव्हाचं शास्त्र. सासूनं पिशवीतून घडी काढली. सोडा घालून स्वच्छ धुतलेली, काठाला काठ जुळवलेली.

"हे काय करून बसलात?" मी ओरडलेच.

"काहून बाई? सरकारात द्याचं कापड मळकं कसं द्याव?" ती भांबावली. "तिलेबी कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली. लय थरथरून राह्यली होती."

आमच्याकडे कचेरीत जायचं तर माणसं ठेवणीतलं नेसून जातात. तिनं तेच केलं होतं. मला रडू आवरेना.

अहवाल आला, डाग आढळला नाही. कोर्टात त्याच्या वकिलानं ती ओळ सावकाश वाचली आणि सून खोटी ठरली. मी साक्षीला गेले होते. सासू मागच्या बाकावरून उठली.

"डाग होता साहेब! ह्या हातानं घासला म्या!"

शिपायानं तिला खाली बसवलं. तो सुटला, आणि त्या सुनेनंच आपल्याला नाडलं म्हणून गावभर सांगत फिरला. चोराच्या उलट्या बोंबा!

पुढे तापाचं औषध न्यायला दोघी आल्या, तेव्हा सासू म्हणाली, "माह्या हातानं पोरीचं वाटोळं झालं."

"आत्याबाई, तुमी होत्या म्हणून मी जित्ती आहो," सून म्हणाली. सासूला ते पटलं नाही.

परवा टीव्हीवर ऐकलं, आता धुतलेल्या कापडाच्या धाग्यांतूनही कधी कधी डीएनए सापडतो आणि माणूस ओळखता येतो. मी हातातली भाजी तशीच टाकून ढसाढसा रडले. म्हणजे त्या लुगड्यात काही उरलंही असेल. सासूच्या हातांनी सगळं पुसलं नव्हतं. बघायची सोय आमच्याकडेच नव्हती. हे ऐकायला ती राहिली नाही. जाताना तिनं सुनेचे पाय धरून माफी मागितली, असं सुनेनंच मला सांगितलं. त्या माणसानं कधीच मागितली नाही.