मंजुरीवाले साहेब

हे गृहस्थ कधी नाही म्हणत नाहीत, हीच त्यांची छळायची तऱ्हा. स्कॅनआधी रुग्णाला टोचायचं किरणोत्सारी औषध त्यांच्या प्रयोगशाळेत बनतं. ते बनताना तापमान नेमकं राखणारं यंत्र मी के. आर. पुरमच्या माझ्या वर्कशॉपमध्ये तयार केलं आणि मंजुरीसाठी त्यांच्याकडे ठेवलं. तेव्हापासून केव्हाही जा, साहेब झाकणावर पेनने टकटक करतात, मान डोलावतात आणि कानडीमिश्रित मराठीत होकार भरतात, "सरी, सरी. छान आहे. स्वल्प थांबा, अण्णा." परदेशी यंत्र मात्र त्यांनी खोक्यातून काढलं तसं कामाला लावलं होतं. तेव्हा टकटक नाही, काही नाही.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. परदेशी यंत्राचा तापमान मोजणारा सेन्सर गेला होता आणि बाहेर रुग्ण उपाशीपोटी बसले होते.

"मग माझं यंत्र लावा की!" मी ओरडलो.

"ते अजून मंजूर कुठे आहे, अण्णा? तुम्ही हे दुरुस्त करा ना."

शिव्या गिळत गेलो. दोन्ही यंत्रांत सेन्सर एकाच बनावटीचा, म्हणून माझ्यातला काढून त्यांच्यात बसवला. औषध झालं, रुग्ण एकेक करून आत गेले. आता तरी लाजेने सही करतील म्हणून मी मंजुरीचा विषय काढला.

साहेबांनी माझ्या यंत्राचं झाकण उघडलं, आत नीट पाहिलं आणि अगदी मनापासून हळहळत म्हणाले, "पण अण्णा, यात सेन्सरच नाही. अपुरं यंत्र मी मंजूर कसं करू?"