दाजींचं बारा फुटी कंपाउंड

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी आमच्या दाजींइतका भित्रा माणूस सापडायचा नाही. आणि देशाच्या फुटबॉल लीगमध्ये आपल्या भागाचा संघ उतरलाच पाहिजे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूसही त्यांच्याशिवाय दुसरा सापडायचा नाही. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदत होत्या, हे कोडं मला कैक वर्षं सुटलं नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अक्काला जुन्नर तालुक्यात ओतूरजवळच्या एका वस्तीवर दिली आणि मी इकडे आंबेगाव तालुक्यात घोडेगावात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. दाजींची चेष्टा करायचा परवाना मला अक्काच्या लग्नाच्या मांडवातच मिळाला होता, आणि तो मी कधी वाया जाऊ दिला नाही.

आपण सगळेच कशाला ना कशाला भितो. पण आपली भीती फुटकळ असते, आज आहे तर उद्या नाही. दाजींची भीती नेमाची होती. कुकरची दुसरी शिट्टी झाली की ते अंगणात जाऊन उभे राहत, तिसरी झाली की गोठ्यापर्यंत जात. एसटीत ते कायम कंडक्टरच्या जवळचा बाक धरत. "कंडक्टर रोज जातो आन् रोज परत येतो. अशा माणसाच्या आसपास बसल्यालं बरं," असं त्यांचं म्हणणं. घरी टेलिफोन आला तेव्हा रिसीव्हर ते कानापासून वीतभर लांब धरत आणि इतक्या मोठ्याने बोलत, की अर्ध्या वस्तीला दोन्हीकडचं बोलणं फुकटात ऐकायला मिळे. एकदा त्यांच्याच विहिरीतली मोटार काढायला मी खाली उतरलो. दाजी वर दोर धरून उभे. मी खालून ओरडलो, "दाजी, दोर ढिला सोडा!" काही हालचाल नाही. वर येऊन बघतो तर दाजींनी दोर आंब्याला बांधला होता, आणि दुसऱ्या दोराने स्वतःलाही त्याच आंब्याला बांधून घेतलं होतं. वर मलाच म्हणाले, "पावणं, तुमी पडला आस्ता तर मला वाकून बघावं लागलं आस्तं ना!"

असा माणूस फुटबॉलकडे वळला तोही भीतीपोटीच. तरुणपणी दाजी काही वर्षं पुण्यात खडकीच्या बाजूला एका वर्कशॉपात कामाला होते. तिथल्या मैदानावर त्यांनी फुटबॉल पाहिला आणि जन्माचे त्याचे झाले. आमच्याकडे गावोगाव क्रिकेट आणि कबड्डी. दाजींना दोन्हींचा धसका. "क्रिकेटचा बॉल येताना दिसत न्हाई राव, दिसतो तवा लागलेला आस्तो. कबड्डीत सात जण अंगावर बसत्यात. ह्यो बॉल बघा, कलिंगडावानी. लांबून येताना दिसतो. मानसाला सावध व्हता येतं." नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला ते गावी परतले आणि वस्तीमागच्या आपल्या माळावर त्यांनी निलगिरीचे वासे रोवून दोन गोल उभे केले. वस्तीवरची पोरं जमली. संघाच्या नावावरून मात्र आमचं दोघांचं भांडण झालं, कारण दाजी म्हणत जुन्नर-आंबेगाव, आणि मी म्हणे आंबेगाव-जुन्नर. शेवटी अक्काने लाटणं हातात घेऊनच निकाल दिला. जुन्नर आधी राहिलं.

दाजी स्वतः कधी खेळले नाहीत. ते पंच झाले, कारण पंचाच्या अंगावर कोणी येत नाही. पण पंच म्हणूनही त्यांची तऱ्हा न्यारी. दोन पोरं एकमेकांच्या दिशेने धावायला लागली की हे शिट्टी फुंकत. "अवं दाजी, अजून काय झालं न्हाई!" पोरं ओरडत. "झालं नसंल, पर व्हनार व्हतं," दाजी शांतपणे सांगत. गुन्ह्याच्या आधी शिक्षा देणारं हे जगातलं एकमेव मैदान असावं. त्यामुळे आमच्या सामन्यांत गोल फार होत नसत, पण आमच्या एकाही खेळाडूचं कधी हाड मोडलं नाही, आणि दाजींच्या लेखी तोच विजय होता.

मग कालव्याला पाणी आलं आणि माळाच्या तीन बाजूंना ऊस उभा राहिला. उसाबरोबर बिबट्या आला. आमच्याकडे त्याला कोणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात. आधी कुत्री गेली, मग शेरडं गेली, आणि दोन हजार सालानंतर माणसांवर हल्ले व्हायला लागले. पलीकडच्या वाडीत शेतातून परतणारी एक बाई गेली आणि सगळ्या मुलुखाची झोप उडाली. अंधार पडायच्या आत लोक दारं लावून घेऊ लागले. संडासला जायचं तरी चारचौघांनी, कंदील घेऊन. वनखात्याने माळाच्या कोपऱ्यावर, नेमका गोलच्या मागे, पिंजरा आणून ठेवला. त्यात शेळी बांधलेली. गोल झाला की ती ओरडे, आणि न झाला तरी ओरडे. वाघ काही त्या पिंजऱ्यात गेला नाही.

अशात इतर कोणी फुटबॉल बंद केला असता. दाजींनी नियम बदलला. आमचा माळ उताराचा, त्यामुळे चेंडू घरंगळत हटकून उसात जायचा. चेंडू उसात गेला की सामना थांबायचा आणि दोन्ही संघ, राखीव खेळाडू आणि पंच असे सगळे मिळून, हातात स्टीलची ताटं घेऊन ती बडवत, आरडाओरडा करत उसात शिरायचे. ताटं दाजी घरूनच आणत, त्यामुळे सामन्याच्या दिवशी अक्का परातीत जेवे. एकदा लोणीचा संघ खेळायला आला. त्यांच्याकडे तेव्हा ऊस नव्हता, त्यामुळे वाघही नव्हता. ताटं पाहून ती पोरं पोट धरधरून हसली. पहिला चेंडू उसात गेला, आत शिरल्यावर दोन पावलांपलीकडचं माणूस दिसेनासं झालं, पात्यांची सळसळ सुरू झाली, आणि मग लोणीकरांनी ताटं अशी बडवली की दोनतीन ताटांना पोचे आले. मीही एकदा गेलो आहे त्या घोळक्यात. खोटं कशाला सांगू, मी सगळ्यांच्या मधोमध राहून चालत होतो. दाजी तर माझा शर्ट मागून धरून चालत होते.

त्याच काळात दाजींनी पेपरात वाचलं की देशाची फुटबॉल लीग वाढवणार, नवे संघ घेणार, आणि नव्या संघांना चांगली स्टेडियम असावी लागणार. तो पेपर घेऊन ते थेट माझ्या दुकानात आले. डोळ्यांत अशी चमक मी कधी पाहिली नव्हती. "पावणं, नीट आयका. लीग वाढली म्हंजी नवे संघ. नवा संघ म्हंजी नवं मैदान. नवं मैदान म्हंजी कंपाउंड आन् लाईटी. कंपाउंड आलं म्हंजी वाघ भाईर आन् पोरं आत!" मी म्हणालो, "दाजी, दिवसातला निम्मा वेळ आपल्याकडे लोडशेडिंग. लाईटी लावून काय करायचं?" त्यांनी पेपर पुन्हा उलगडून पाहिला. मग म्हणाले, "लीगचं मैदान आसल्यावर न्हाई तोडनार लाईट. देशाचा सामना अंधारात कसा ठिवतील?" एवढा मोठा राष्ट्रीय बेत, पण दाजींच्या मनात त्याचा अर्थ एवढाच होता की आपल्या माळावर खेळणारं एकही पोरगं उसात जाऊ नये. त्या पोरांत गोलरक्षक होता त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा. ओतूरच्या कॉलेजात शिकत होता आणि बापाच्या अगदी उलट, कशाला म्हणून भीत नव्हता. दाजींच्या साऱ्या भीतीची गंगोत्री तिथे होती, हे मला त्या दिवशी दुकानात कळलं.

योगायोगाने पुण्याच्या फुटबॉल संघटनेतले एक साहेब ओतूरला सासुरवाडीला आले. दाजींनी त्यांना सासऱ्याच्या ओसरीवर गाठलं आणि गळ घालून एका संध्याकाळी माळावर आणलं. मीही मुद्दाम गेलो होतो. माळ झाडून काढला होता, फक्की टाकून रेघा मारल्या होत्या, पिंजऱ्यावर अक्काची जुनी सतरंजी झाकली होती. आणि दाजींनी पोरांना बजावलं होतं, "आज ताटं न्हाईत. देशाच्या लीगमदी कोन ताटं बडवतं का? साहेब काय म्हनतील? बॉल भाईर गेला तर येकानंच जायचं, गुमान आनायचा." आयुष्यभर भिऊन वागलेला माणूस त्या एका संध्याकाळी शिष्टाचारापायी निर्धास्त झाला.

साहेब भले गृहस्थ. खुर्चीवर बसून त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. गॅलरी लागेल, खेळाडूंना खोल्या लागतील, रुग्णवाहिकेला वाट लागेल, दिवे लागतील. दाजी मध्येच म्हणाले, "कंपाउंड केवढं?"

"आठ फूट तरी हवं."

"बारा करा साहेब. आठ फूट त्यो उभ्यानं चढतो."

"कोण, प्रेक्षक?"

"न्हाई. वाघ."

साहेबांनी हळूच पाय खुर्चीवर घेतले, आणि नेमका त्याच वेळी चेंडू गोलवरून उसात गेला.

भाचा वळला आणि एकटाच आत शिरला. आम्ही ठरल्याप्रमाणे सगळे जागच्या जागी उभे राहिलो. पाती हलली, मग हलायची थांबली. एव्हाना तो परतायला हवा होता. सतरंजीखालची शेळी ओरडत होती, ती एकदम गप्प झाली. मी आजवर पुष्कळ भ्यालो आहे, पण ती शेळी गप्प झाली तेव्हा जे झालं तसं पुन्हा कधी झालं नाही. कोणीतरी भाच्याला हाक मारली. उत्तर नाही. मग ऊस हलला, पण तो भाचा शिरला त्या जागी नाही, तिथून डावीकडे, आणि वारा तर पडलेला होता.

मी दाजींकडे बघितलं. ते पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, आता हे खाली बसणार. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि ते चालायला लागले. धावले नाहीत, चालले. कोणाला हाक नाही, कोणाचा शर्ट धरला नाही. शिट्टी वाजवत सरळ उसात गेले आणि दिसेनासे झाले. आतून ती शिट्टी तेवढी ऐकू येत होती, न थांबता, श्वासाबरोबर कापणारी. आम्ही भानावर आलो आणि मिळेल ते बडवत त्यांच्यामागे धावलो. साहेबांनी खुर्ची बडवली.

पुढचं भाच्याने सांगितलं. चेंडू उचलायला वाकला तर समोर उसाच्या ओळींमधल्या सरीत मादी बसली होती आणि तिच्या पोटाशी दोन पिल्लं होती. तिने दात दाखवले. भाच्याचे पाय जमिनीला चिकटले, आवाज फुटेना. तेवढ्यात मागून शिट्टी जवळ जवळ यायला लागली. "मामा," तो मला म्हणाला, "आबांनी डोळं गच्च मिटलं व्हतं. हातानं ऊस चाचपत आले. माझा हात घावला, तवा धरला आन् मला मागं वढलं, सोता म्होरं झाले. डोळं मिटूनच." शिट्टीने म्हणा, आमच्या गोंगाटाने म्हणा, मादीने एक पिल्लू तोंडात धरलं आणि ती पलीकडच्या सऱ्यांत निघून गेली. दुसरं तिथेच राहिलं, त्याच्यासाठी ती पुन्हा येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आम्ही माळ सोडून पळालो. दाजी घरी पोचेपर्यंत शिट्टी वाजवतच होते. थांबवताच येत नव्हती त्यांना. शेवटी उंबऱ्यात अक्काने ती त्यांच्या दातांतून सोडवून घेतली आणि मग तीच हमसाहमशी रडली.

साहेबांनी जाताना दाजींचे हात हातात घेतले, पण शब्द कसलाच दिला नाही. पुढे लीग खरंच वाढली. लांबलांबचे नवे संघ आले, मोठमोठी मैदानं झाली. आमच्या माळाचं नाव त्यात कुठे असायचं कारण नव्हतं. दाजींनी गोलचे वासे उपटले आणि माळावर कांदा लावला. "कांद्यात काय लपत न्हाई," म्हणाले. भाचा आता चाकणला एका कंपनीत आहे. दोन पाळ्यांत काम, कधी रविवारी येतो, कधी येत नाही.

मी गेलो की दाजी आणि मी टीव्हीवर लीगचे सामने बघतो. काय ती स्टेडियम! लख्ख दिवे, हिरवंगार गवत, भोवती उंच भिंती. दाजींना कोण जिंकतंय याचं काही देणंघेणं नसतं. खेळ चालू असतो तोवर ते आरामात पानाला चुना लावत बसतात. पण चेंडू रेषेबाहेर गेला, एखादा खेळाडू तो आणायला जाहिरातींच्या पाट्यांच्या पलीकडे गेला आणि पडद्यावर दिसेनासा झाला, की दाजींचा हात तसाच अर्ध्यावर थांबतो. श्वास थांबतो. इतक्या वर्षांनी, एवढ्या उजेडात, एवढ्या माणसांत, ते त्या अनोळखी पोराची वाट बघत बसतात. त्यांची चेष्टा करायची माझी हौस तिथे आपोआप विरघळते, आणि मीही श्वास धरतो. तो पोरगा चेंडू घेऊन पुन्हा पडद्यावर येतो. मग दाजी स्वैपाकघराकडे तोंड करून सांगतात, "आला गं." आणि आतून अक्का, कोण आला हे न विचारता, म्हणते, "बरं झालं."