चाळीसगावच्या अक्कांचा अनुभव

मी वेबसाइट बनवतो. धुळ्यात, देवपूरला, घराच्याच पुढच्या खोलीत. या धंद्यात एवढं कळलं की क्लायंटला सगळं कळतं, फक्त स्वतःला काय हवंय ते कळत नाही. लोगो मोठा पाहिजे, फोन नंबर लुकलुकला पाहिजे. आणि मजकूर? "तुम्हीच टाका ना काहीतरी."

नशिराबादजवळच्या एका मठाचं काम असंच आलं. ट्रस्टी म्हणजे जळगावचे एक कापडवाले शेठ. मठाचे महाराज दिवसाला चार रील टाकतात, खाली लिहितात, 'जय लिहा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल.' चांगली शिकलीसवरलेली माणसं निमूटपणे जय लिहितात, त्यात मला कॉलेजात शिकवणारे सरसुद्धा. मला या सगळ्याची किळस येते. काम घेताना तेवढी लपवतो.

'भक्तांचे अनुभव' हे पान दोन महिने रिकामं होतं. शेठ रोज म्हणायचे, "पाठवतो." शेवटी नमुना म्हणून मीच एक अनुभव ठोकून दिला, सुचेल तितका बावळट. चाळीसगावच्या एक अक्का, सात वर्षांच्या बीपीच्या गोळ्या, चिमूटभर विभूती, आणि गोळ्या कायमच्या सुटल्या. लिहिताना एकटाच हसत होतो. वाटलं, शेठ वाचून चपापतील आणि खरा मजकूर देतील.

शेठ म्हणाले, "एक नंबर! असेच पाहिजेत."

मग राहूकाळ टाळून मुहूर्त निघाला. माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू लागलं, नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं आणि साइट सुरू झाली. नमुना तसाच राहिला. मीही काढला नाही. म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय!

पंधरा दिवसांनी आईच्या डब्यात बीपीच्या गोळ्या जशाच्या तशा दिसल्या. विचारलं तर तिनं फोन पुढे केला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर माझ्याच अक्का, भोवती झेंडूच्या फुलांची चौकट. आईनं आठवड्यापासून गोळ्या बंद केल्या होत्या. मी तिला तसाच दवाखान्यात घेऊन गेलो. बीपी बघून डॉक्टर माझ्यावरच खेकसले.

घरी येऊन मी सांगून टाकलं, "आई, अशी कोणी बाई नाही. ते मी लिहिलंय. थट्टा म्हणून."

ती हसली. "तू काय लिखशी भाऊ? महाराजनीच तुनाकडतीन लिखी लिधं."

मी ओरडलो, पाया पडलो, साइटवरून ते पान उडवलं. ग्रुपवरची अक्का काही उडेना. आई गोळीला हात लावेना. मी फार घाबरलो होतो.

तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं बसलो आणि अक्कांचा दुसरा अनुभव लिहिला. विभूती रोज घ्यायची, पण महाराजांनी स्वप्नात येऊन बजावलंय, गोळी सोडायची नाही. झेंडूची चौकटही मीच केली. शेठना पाठवला. त्यांनी न वाचता तासाभरात सगळीकडे पोचवला.

संध्याकाळी आईनं फोनला हात जोडले आणि पाण्याबरोबर गोळी घेतली. "देख भाऊ, महाराजनीच सांगेल शे."

"हो," मी म्हटलं. डॉक्टरचं तिनं ऐकलं नव्हतं. पोटच्या पोराचं ऐकलं नव्हतं.

आता दर सोमवारी मी अक्कांचा नवा अनुभव लिहितो. एक आठवडा चुकला, तर गोळ्या डब्यातच राहतात.