ऐबांचं पान

गिऱ्हाइकाने पंख्याला हात लावायच्या आत ऐबचाचा त्या पंख्याची निंदा सुरू करत. घोडपदेवला आमच्या चाळीखाली त्यांचं जुन्या सामानाचं दुकान होतं. मूळचे चिपळूणकडचे, नाव वेगळंच. पण मालातला ऐब न विचारता सांगायचे, म्हणून अख्खी चाळ त्यांना ऐबचाचा म्हणायची. “आमच्या धर्मात व्यापाराचा कायदाच आहे,” ते म्हणत, “दोष झाकून विकलेल्या मालात बरकत नाही.” त्यामुळे तिथे घासाघीस उलटी चाले. गिऱ्हाईक पंख्याची तारीफ करी आणि चाचा ती खोडून काढत.

माल विकला तरी सुटका नसे. सावंतकाकूंनी त्यांच्याकडून कपाट घेतलं. आठवड्याने काकू जेवायला बसल्या असताना चाचा तीन जिने चढून दारात हजर. पावसाळ्यात डावं दार फुगतं, हे सांगायचं राहून गेलं होतं. असे ते तीनदा आले. चौथ्यांदा काकूंनी आतून कडी लावली. चाचांनी उरलेला दोष बाहेरूनच सांगितला.

मी तेव्हा लोअर परळला मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीत वार्षिक अहवाल लिहायचो. कायदा मागत नाही अशीही माहिती कंपनी आपणहून देते, असं एक प्रकरण त्यात असे. तिथे मी कंपनीने लावलेली झाडं आणि योगासनं करणारे साहेब घातले होते. मोठ्या ऐटीत ते चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, मग अहवाल उलटा धरून झटकला.

“ऐबांचं पान गळलं काय रे?”

“ते कोणी मागत नाही, चाचा.”

“न मागता सांगायचं, असं तूच वर लिहिलंयस ना?”

मला ते झोंबलं. तिरीमिरीत एक पान वाढवलं: गरम वाटण घातलं की आमच्या भांड्याचं झाकण उडतं. साहेबांनी ते नाकारलं नाही. त्यांच्याही घरी उडत होतं. पण पान निघालं आणि पानामागोमाग मीही.

घरी आईला काय सांगू, या विचाराने जिना चढवेना. चाचांनी मला दुकानात बसवून घेतलं. वाटलं, आता पाठ थोपटतील. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी माझी ओळख करून दिली. “हा नवीन माणूस. अक्षर चांगलं आहे. खरं बोलतो, पण कोणी टोचल्यावर.” मला राग आला, तरी बरंही वाटलं. माझी इतकी खरी ओळख आजवर कोणी करून दिली नव्हती.

गेल्या वर्षी गुडघे थकले आणि चाचा लेकीकडे गावी गेले. जाताना म्हणाले, “चालव, पण दुकान अजून माझंच आहे. तुझा भरवसा नाही.”

परवा एका बाईंना टेबलपंखा फार आवडला. त्यांनी काही विचारायच्या आत मी सांगून टाकलं, की हा मान वळवतो, पण परत आणत नाही. बाई निघून गेल्या. मी लगेच चाचांना फोन लावून काय सांगितलं ते सांगितलं.

“गिऱ्हाईक गेलं?” त्यांनी विचारलं.

“गेलं.”

पलीकडे ते बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, “आता दुकान तुझं.”