जास्तीचा वाळा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं, की आमच्या हद्दीतल्या वस्तुसंग्रहालयात चोरी झाली नव्हती. उलट तिथला ऐवज वाढला होता! तीस वर्षांच्या नोकरीत अशी वर्दी एकदाच आली, म्हणून ती सकाळ अजून लख्ख डोळ्यांपुढं आहे.

"साहेब, पेटीत लेकराचा एकच चांदीचा वाळा व्हता. आता दोन हायत," संग्रहालयाचा रखवालदार घाम पुसत म्हणाला.

ठाणे अंमलदारानं पेन उचललं. "नेल्याचं कलम हाय, साहेब. आणून ठेवल्याचं कुठलं लावू?"

वर्षभरापूर्वी जिंतूरकडच्या एका मेंढपाळाला खड्डा खणताना तांब्याचा हंडा सापडला होता. जुनी नाणी, मणी आणि एक वाळा. सगळं त्यानं तहसीलमध्ये जमा केलं, 'काहीही मागे ठेवलेले नाही' अशा जबाबावर अंगठा दिला. ऐवज संग्रहालयात आला, तेव्हापासून बाजारच्या दिवशी ते गुप्तधन बघायला झुंबड उडे. नाकं टेकून काच तेलकट होई. रखवालदार ती काढून पुसायचा आणि पेटी तशीच उघडी टाकून चहाला जायचा.

मी दोन्ही वाळे तळहातावर घेतले. नक्षी एकच. पहिला काळवंडलेला, दुसरा राखेनं घासलेला, आणि त्याला करडईच्या तेलाचा वास. तो कुण्या बाळाच्या पायात होता.

मेंढपाळाला बोलावलं. त्याची आईही मागोमाग येऊन बाहेर बाकावर बसली. तासभर त्याचं एकच, "मी समदं दिलं, साहेब." माणूस खरा वाटत होता, पण जबाब खोटा ठरला तर तुरुंगात तोच जाणार होता.

"घरात तान्हं आहे का?" मी सहज विचारलं.

"हाय की. माझी माय त्येला रोज तेल लावती."

तेवढ्यात म्हातारी आत आली. "त्येला सोडा. हंड्यातनं नातवासाठी मीच काढला व्हता, त्येला ठावं न्हाई. परवा बाजारी मीच नेऊन ठेवला."

ऐवज तिनं स्वतःहून परत केला, मुलाला माहिती नव्हती, असा अहवाल मी तहसीलदारांकडं पाठवला. पुढं कारवाई झाली नाही.

माणूस का चोरतो, हे पोलिसाला लवकर उमगतं. परत का करतो, हे आम्ही विचारतच नाही. गुन्हा उघड झाला की कागद बांधून मोकळे. त्या दिवशी मात्र मी विचारलं.

"मावशी, घरीच ठेवला असता तर कुणाला कळलं असतं? परत ठेवलात म्हणून लेक तुरुंगात गेला असता ना!"

ती पदर सावरत उठली होती. भर ठाण्यात तिच्या तोंडून निघून गेलं,

"आवो, त्या पेटीतल्या लेकराचा एक पाय उघडा व्हता की!"