वादळातली खूण

वादळाच्या दिवशी आम्ही शेजारीपाजारी नीलेशच्या स्लॅबच्या घरात जमलो होतो. नीलेश पर्यटकांना समुद्राखाली प्रवाळ दाखवायला नेतो. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून तिथे खुणा असतात. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवायची, नसेल तर पंजा आडवा धरून हलवायचा. सकाळी त्याने त्या आम्हाला हसत हसत शिकवल्या होत्या.

दुपारी वाऱ्याच्या आवाजात बोलणं ऐकू येईना, तेव्हा त्याने एकेकाकडे बघत 'ठीक ना?' अशी खूण केली. आम्ही सगळ्यांनी बोटं जुळवली. शेजारच्या शकूमावशींच्या घराची कौलं नुकतीच उडाली होती. त्यांनी पंजा हलवला.

जमिनीवर कुणी विचारलं, की आपण सवयीने 'बरं आहे' म्हणतो. पाण्याखाली तसं म्हटलं, तर मदतीला कुणी येत नाही.

नीलेश उठून मावशींना खेटून बसला. त्यांनी त्याचा हात घट्ट धरला.

संध्याकाळी वारा पडला. पहिल्यांदा मावशीच बोलल्या, पोराला सांगावं तसं, "माजा घर गेला रे, झिला."

"होय गे मावशे," नीलेश म्हणाला. हात त्याने सोडवून घेतला नाही.