तांब्या हलला ती सकाळ

गंगाखेडच्या आमच्या घरात माझं एक अर्धवट चित्र आहे. तांब्या, दोन कांदे आणि घडी घातलेला टॉवेल, सगळं एकाच तपकिरी रंगात. बघणाऱ्यांना मी सांगतो, मुद्दाम तसंच ठेवलंय. ते खोटं आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. तैलरंगात काम करताना आधी नुसत्या तपकिरीत उजेड-सावली बसवून घ्यायची, तो थर वाळला की वर खरे रंग, अशी माझी पद्धत. त्या वर्षी प्रदर्शनाला चित्र द्यायचं डोक्यात होतं. पूर्वेची खिडकी नेमकी आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या खोलीत. तांब्याही त्यांचाच. रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी लिंगपूजा आटोपली की त्यातूनच प्यायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम.

"आण्णा, चित्र होईस्तोवर तांब्याला हात लावू नका."

"तांब्याचा फोटू काढायलास व्हय? मग माझा कवा काढतो?" ते हसले. पण ऐकलं. स्टीलच्या गिलासातून प्यायला लागले.

आठवडाभरानं एका सकाळी ब्रश घेऊन बसलो, तर तांब्या हललेला. पोचा आलेली बाजू भिंतीकडे गेलेली, बुडाशी पाणी सांडलेलं.

मी ओरडलो. "एवढं वय झालं, सांगितलेली एक गोष्ट कळत नाही? आठ दिवसांचं काम मातीत घातलं!"

पेपर मागायला आलेले शेजारी उंबऱ्यातूनच परत फिरले.

"सवयीनं हात गेला बाबा. चुकलं," म्हणत आण्णा खोलीबाहेर गेले. त्यानंतर पूजा झाली की ते ओट्यावर जाऊन बसायचे. मी शाळेला निघेपर्यंत स्वतःच्या खोलीत यायचे नाहीत.

आता खरं लिहितो. काम मातीत गेलं नव्हतं. मी तांब्या फिरवून पोचा समोर आणला. सावली कालचीच होती, ओली. टर्पेंटाईनची चिंधी फिरवून पुसली, बोटभर सरकवून पुन्हा घातली. पाच मिनिटं लागली असतील. खरं म्हणजे चित्रच मुळात जमत नव्हतं, आणि मला दोष द्यायला कुणीतरी पाहिजे होतं.

थंडीत आण्णा गेले. त्या थरावर रंग चढवायला माझा हात धजला नाही.

मागच्या महिन्यात हे सगळं पहिल्यांदा बायकोला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला ठाऊक हाय की. तुमी चिंधीनं पुसायलते, मी दारातून बगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आण्णा माझ्या म्होरंच उभे व्हते. त्येंनीच खुणावलं, गप म्हणून."